कुठवर आला सूर्य?

गुरुजी आधी चपला काढायचे, मग पँटचा पट्टा एक भोक आवळायचे आणि मग पृथ्वी व्हायचे.

शाळेच्या अंगणात मधोमध कडुनिंबाचं झाड होतं. तो सूर्य. उत्तरेच्या अंगाला गावची पाण्याची टाकी. गुरुजी टाकीच्या दिशेनं कलायचे आणि तसेच कललेले झाडाभोवती चालायला लागायचे. अंगानं भरलेला माणूस, पोट पुढं, डोक्यावरचे केस मोजके. पोरं हसून लोळायची. गुरुजींना त्याचं काही नसायचं.

"हसा, पण बघा! कल सोडायचा न्हाई. कुठंबी जाऊ, डोकं टाकीकडंच!"

झाडाच्या दक्षिणेला आले की त्यांचं कललेलं डोकं आपोआप झाडाकडं यायचं. "बघा, डोकं सूर्याकडं. आपण डोक्याच्या अंगाला राहतो. म्हणजे आपल्याकडं काय?" पोरं ओरडायची, "उन्हाळा!" मग अर्धा फेरा मारून ते झाड आणि टाकीच्या मधे यायचे. डोकं टाकीकडंच, पण आता झाड पाठीमागं. "आता डोकं लांब गेलं. काय झालं?" "थंडी!" "मग पेटीतनं स्वेटर काढा की!"

दिवस-रात्र शिकवताना ते जागेवर गिरकी घ्यायचे. झाड दिसलं की दिवस, पाठीला गेलं की रात्र. एकदा चालता चालता गिरकी घ्यायला गेले आणि थेट पाण्याच्या हौदाला जाऊन टेकले. "दोन्ही एकदम मला जमत न्हाई," ते धापा टाकत म्हणाले. "पृथ्वीला जमतं. तिला बिचारीला सवय हाय."

रस्त्यानं शेताकडं निघालेले एक म्हातारबाबा हे सगळं कुंपणाजवळ थांबून बघत होते. त्यांनी विचारलं, "गुरुजी, सकाळी सकाळीच?"

"न्हाई हो बाबा, पृथ्वी झालोय!"

"मी तेच म्हणतो," बाबा म्हणाले आणि चालू लागले.

तुमच्याही शाळेत असा एखादा माणूस असेल. नसला तर मला तुमच्याबद्दल वाईट वाटतं.

मी केज तालुक्यातल्या त्या शाळेवर हजर झाले तेव्हा माझी पहिलीच नेमणूक होती. माहेर लातूरचं. समोर उघडाबोडका डोंगर, गावात दोन वेळा येणारी एसटी, आणि भूगोल शिकवताना माझ्या तोंडी पुस्तकातली वाक्यं: पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्यास परिवलन म्हणतात, सूर्याभोवती फिरण्यास परिभ्रमण म्हणतात. मुलं ती वाक्यं माझ्यामागून गाऊन दाखवायची आणि मी समाधानानं खडू खाली ठेवायची. पहिल्याच वर्षी मी बदलीचा अर्ज लिहायला घेतला. गुरुजी शेजारच्या खुर्चीत शेंगा फोडत बसले होते.

"बाई, सूर्य कदी बदली मागत न्हाई. एका जागी बसून हाय बिचारा."

मला राग आला. "सूर्याला लेकरू नाही गुरुजी, घरी सासूजवळ ठेवलेलं."

त्यांनी शेंगा फोडायचं थांबवलं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ते मला त्यांच्या बायकोकडं, केजला, घेऊन गेले. काकू म्हणाल्या, "लेकराला घेऊन या आणि आमच्या शेजारी खोली घ्या. तुमी शाळेत जाल तंवर मी हाय की." माझा मुलगा शाळेत जाण्याएवढा होईपर्यंत त्या घरात वाढला. अर्ज तसाच राहिला. आज मी त्या शाळेची मुख्याध्यापिका आहे, त्याचं मूळ कारण काकूंच्या हातचा वरणभात हे आहे. गुरुजींनी मात्र त्याचा कधी उल्लेख केला नाही. मी आभार मानायला लागले की ते विषय बदलायचे.

आमच्या भागाचं वर्ष कसं असतं हे सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. दिवाळीच्या आगेमागे निम्मं गाव ऊसतोडीला जातं. ट्रॅक्टरच्या मागं दोन ट्रॉल्या, त्यात भांडी, कोंबड्या, शेळी, अंथरुणं आणि माणसं. कारखाना चालू आहे तोवर ती माणसं लांब पश्चिमेकडं. पूर्वी मुलंही बरोबर जायची आणि शाळा बुडायची. मग हंगामी वसतिगृह सुरू झालं. आईबाप परत येईपर्यंत मुलं गावातच राहायची, आजी असली तर आजीजवळ झोपायची, नसली तर शाळेच्या खोलीत. जेवण शाळेत. त्या वसतिगृहाचं काम गुरुजींकडं होतं.

ट्रॅक्टर गेले की पुढचे काही दिवस शाळेत कोणी धड जेवायचं नाही. लहान मुलं रडायची, मोठी रडणाऱ्यांना मारायची. "आई कधी येणार?" हा एकच प्रश्न. गुरुजींनी त्यावर एक उपाय काढला होता.

शाळेच्या ओट्यावरून समोर पूर्वेचा डोंगर दिसतो. उजव्या टोकाला मोबाइलचा टॉवर, मधे रस्त्याची खिंड, डावीकडं पवनचक्क्या. गुरुजी मुलांना सकाळी ओट्यावर बसवायचे. "सूर्य कुठनं निघाला?" मुलं बोट दाखवायची. दिवाळीनंतर तो खिंडीच्या उजवीकडून निघायचा आणि रोज थोडा थोडा टॉवरकडं सरकायचा. थंडी वाढायची, दिवस आखडायचा. डिसेंबर सरत आला की टॉवरजवळ जाऊन तो थांबल्यासारखा व्हायचा. मुलं दम धरून बसायची. आणि मग एका सकाळी कोणीतरी ओरडायचं, "वळला! वळला!"

त्या दिवशी गुरुजी गूळ-शेंगदाणे वाटायचे.

"तो वळत न्हाई बरं का," ते प्रत्येक वेळी सांगायचे. "तो जागचा हलत न्हाई. आपण कलून फिरतोय, म्हणून तो सरकल्यासारखा दिसतो." एकानं विचारलं, "गुरुजी, मग उन्हाळ्यात सूर्य जवळ येतो का?" "उलट! जानेवारीत आपण त्याच्या जास्त जवळ असतो. तरी कुडकुडतो का न्हाई? नुसतं जवळ असून भागत न्हाई. ऊन डोक्यावर सरळ पडाया पायजे."

एका वर्षी पोरांनी मारुतीच्या देवळातल्या महाराजांना जाऊन सुनावलं की तुमची संक्रांत उशिरा येते, सूर्य तर आम्ही आधीच वळलेला बघितला. महाराज तणतणत शाळेत आले. गुरुजींनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. "महाराज, पोरांनी डोळ्यानं बघितलंय, त्यांला खोटं कसं म्हणू? पण त्यांनी गुळाची ढेप संपवली, आता तुमच्या तीळगुळालाबी येतील. दोनदा गोड खाल्लं म्हणून कुणाचा धर्म बुडत न्हाई." महाराज हसले आणि चहा घेऊन गेले.

तर सूर्य वळला की गुरुजी मुलांना सांगायचे, "आता तो खिंडीकडं निघाला. सूर्य खिंडीत आला की आईबाप आले!" बहुतेक वर्षी तसंच व्हायचं. मार्च सरता सरता कारखान्याचा पट्टा पडायचा, म्हणजे गाळप बंद व्हायचं, आणि ट्रॅक्टर केजवरून वळसा घालून खिंडीतून खाली उतरायचे. मुलांचा त्या सूर्यावर फार विश्वास होता.

एका वर्षी ऊस अमाप झाला.

सूर्य खिंडीत आला. मुलं नटूनथटून रस्त्यावर जाऊन बसली. कोणी आलं नाही. सूर्य खिंड सोडून पवनचक्क्यांकडं सरकायला लागला. तेव्हा अर्चना नावाची सहावीतली एक मुलगी होती. हुशार, अबोल, आजीजवळ राहायची. तिनं जेवण सोडलं. दुपारी गुरुजी तिच्यासमोर ताट घेऊन बसले.

"खा गं बाळा. येतील."

"तुमी म्हणलतात खिंडीत आला की येतील. तो खिंडीतनं गेला." तिचा आवाज चढला नव्हता. "तुमी खोटं बोलला. पुढच्या वर्षी मी शाळेत राहणार न्हाई. मी आईसंगं तोडीला जाणार."

ती बोलली ते करणारी होती. आणि तोडीला गेलेली मुलगी परत वर्गात बसत नाही, हे त्या शाळेत आम्हा दोघांइतकं कोणाला माहीत असणार! एक-दोन वर्षं आईबरोबर, मग लग्न, मग नवऱ्याबरोबर स्वतःचा कोयता.

दुसऱ्या दिवशी परिपाठाला गुरुजी मुलांसमोर उभे राहिले. मला वाटलं, ते समजूत घालतील.

"पोरांनो, मी तुमच्याशी चुकलो," ते म्हणाले. "सूर्याचं खरं हाय. तो जिथं दिसायचा तिथंच दिसला, एक दिवस इकडं न्हाई का तिकडं न्हाई. पण कारखाना काय सूर्याकडं बघून बंद होत न्हाई. तो उसाकडं बघून बंद होतो. मी या दोन्हींची गाठ मारली. तुमी रडू नये म्हणून मारली. ती गाठ माझी हाय, सूर्याची न्हाई. माफ करा."

एवढ्या मोठ्या माणसानं माफी मागितलेली त्या मुलांनी कधी पाहिली नव्हती. मीही नव्हती. प्रार्थना म्हणायची कोणाला आठवलंच नाही.

अर्चना पुढं आली. "मग मला आईकडं न्या."

"नेतो," गुरुजी म्हणाले.

मला वाटलं, बोलून गेले. पण त्याच संध्याकाळी ते अर्चनाच्या आजीकडं परवानगी मागायला गेले आणि मला म्हणाले, "बाई, पोरीची जात हाय. तुमी संगं चला." शनिवारी आम्ही तिघं एसटीत बसलो. दोनदा गाडी बदलली. साताऱ्याच्या पुढं उतरलो तेव्हा दिवस कलला होता. कारखान्याच्या धुराड्याकडं बघत, विचारत विचारत, आम्ही कोप्यांपाशी पोहोचलो. उसाच्या पाचटाच्या त्या बुटक्या झोपड्या, वाकल्याशिवाय आत जाता येत नाही.

अर्चनाची आई डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीकडं चालली होती. लेकीला बघून तिनं मोळी टाकली आणि पहिल्यांदा ओरडलीच, "कावून आली गं? शाळा न्हाई का?" मग तिचं लक्ष आमच्याकडं गेलं आणि चेहरा पांढरा पडला. "गुरुजी, म्हातारीला काई झालं का?"

"न्हाई न्हाई, म्हातारी ठणठणीत हाय," गुरुजी घाईनं म्हणाले. "पोरीनं मला एक विचारलं. त्याचं उत्तर तुमच्याकडं हाय, माझ्याकडं न्हाई. म्हणून आणली."

मग त्या माऊलीनं लेकीला जवळ घेतलं. हातांना पाचटाचे चिरे पडले होते, त्यामुळं ती तळहातानं नाही, मनगटानं तिचं तोंड कुरवाळत होती.

रात्री मी आणि अर्चना कोपीत झोपलो, गुरुजी बाहेर ट्रॉलीत. सकाळी जाग आली तेव्हा उजाडायला लागलं होतं आणि तोडणी कधीच सुरू झाली होती. अर्चना बांधावर उभी राहून पूर्वेकडं बघत होती. तिथं डोंगर नव्हता, खिंड नव्हती, टॉवर नव्हता. नुसता ऊस. सूर्य उसाच्या तुऱ्यांतून वर आला, पण कुठून आला हे सांगायला काही खूणच नव्हती.

"आई," तिनं हाक मारली, "हितं कसं कळतं गं, कुठवर आला ते?"

आईनं कोयता थांबवला नाही. "आमी कुठं बघतो बाई त्याला उगवताना? आमी वाकलेल्या असतो. पाठीला चटका लागला की कळतं, उगवला."

गुरुजी माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि तशीच धरून ठेवली.

अर्चना दिवसभर मोळ्या बांधत राहिली. कुणी सांगितलं नव्हतं. संध्याकाळी ती आईला म्हणाली, "मी हितंच राहते. तुला हात लावते."

आईनं तिचा हात धरून तिला ओढतच आमच्यापुढं आणलं. "न्या हिला, गुरुजी." अर्चना हिसके देऊन रडायला लागली. तशी आई खाली बसली आणि तिनं लेकीचं तोंड आपल्याकडं वळवलं. "हे रान संपलं की पुढचं एक रान. मग येते. खोटं न्हाई सांगत, दिवस मलाबी ठाऊक न्हाई. पण तू तिथं असली तर मला गावाकडचं कळंल. तू रोज बघ आणि रोज सांग, कुठवर आला. मला हितं दिसत न्हाई, तू बघून सांग."

परतीच्या गाडीत गुरुजींनी तिला चिवड्याचा पुडा दिला, तो तिनं मांडीवर ठेवला. केज जवळ आल्यावर तिनं तो फोडला आणि पहिला घास मला दिला.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी गुरुजींच्या मोबाइलवर फोन यायला लागला. "कुठवर आला गं?" "आज दुसऱ्या पवनचक्कीच्या अलीकडं." "पवनचक्की म्हंजी आपल्या चुलत्याच्या रानाच्या वर?" "हां, तिथंच." सूर्याचं एवढं बोलून झालं की मग जेवलीस का, शेळी व्याली का, आजीचा गुडघा कसा आहे. हळूहळू त्या कोप्यांवरच्या बाकीच्या आयाही फोन करायला लागल्या. संध्याकाळी ओट्यावर रांग लागायची. गुरुजी फोन हातात धरून तक्रार करायचे, "माझ्या बायकोनं फोन केला तर लागत न्हाई. ती विचारते, कुणाशी बोलता एवढं? मी म्हणतो, सूर्याची चौकशी चाललीय." तक्रार करताना त्यांचा चेहरा असा फुललेला असायचा की कोणीही ओळखावं.

सूर्य पवनचक्क्यांच्या रांगेत चांगला आत शिरल्यावर ट्रॅक्टर आले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत लवकर गेले, तर ओट्यावर अर्चनाची आई उभी. ताठ उभी, पदर खांद्यावरून घेतलेला, शेजारी लेक. अर्चना बोटानं दाखवत होती: इथं थांबला होता, इथून वळला, ही खिंड. सूर्य वर आला तसा दोघींच्या तोंडावर उजेड पडला.

"लई मोठा दिसतो गं," आई म्हणाली.

गुरुजी फाटकापाशीच थांबले होते. आत आले नाहीत. मला हातानं खुणावलं, जाऊ नका. आणि मागच्या दारानं स्वयंपाकाच्या खोलीत जाऊन चहा ठेवायला सांगितला.

पुढच्या दिवाळीला ट्रॅक्टर गेले तेव्हा अर्चना वर्गात होती. त्याच्या पुढच्या दिवाळीलाही. बारावी झाली, आता ती बीडला नर्सिंग शिकते. तिची आई अजून तोडीला जाते. सगळं चांगलं झालं असं मी म्हणणार नाही. पण मुलांना परत कधी गुरुजींनी तारीख सांगितली नाही. "सूर्य कुठं दिसंल ते मी सांगतो, आईबापाचं त्यांला विचारा," असं म्हणून ते फोन पुढं करायचे.

मीही पुस्तकातली वाक्यं शिकवते, परीक्षेला लागतात. पण आधी चपला काढते. टाकीच्या दिशेनं कलून झाडाभोवती फिरते. पोरं हसतात. पहिल्यांदा फिरले तेव्हा गुरुजी खिडकीतून बघत होते आणि नंतर एवढंच म्हणाले, "बाई, हिवाळ्यात जरा जास्त कलता तुमी." त्या माणसाकडून मला नोकरीतलं जे काही येतं ते सगळं मिळालं. चुकलो म्हणायला कसं उभं राहायचं, हेसुद्धा.

निवृत्त झाल्यावर ते केजला घरीच असायचे. यंदाच्या जानेवारीत, सकाळी अंघोळ करून ओट्यावर उन्हाला बसले आणि बसल्याबसल्या गेले. त्रास झाला नाही, असं डॉक्टर म्हणाले.

अंत्ययात्रेला माणसं थोडी होती. ज्यांच्यासाठी आयुष्य घातलं ती सगळी कर्ती माणसं तोडीवर. आम्ही शिक्षक, काही म्हातारी माणसं, आणि वसतिगृहाची मुलं, त्यांना मी दोन जीपमध्ये बसवून आणलं होतं. काकूंनी दहावा, तेरावा सगळं रीतीनं केलं. घर शांत झालं. माझ्या मनात राहून राहून यायचं, एवढ्या मोठ्या माणसाला एवढीच माणसं?

मग हंगाम संपला.

एप्रिलमधल्या एका दुपारी मी काकूंजवळ ओट्यावर बसले होते. गल्लीच्या तोंडाशी ट्रॅक्टरचा आवाज आला. दोन ट्रॉल्या, वर भांडी, अंथरुणं, पाटीखाली कोंबड्या. गल्ली अरुंद, ट्रॅक्टर आत घुसला आणि मधेच अडकल्यासारखा उभा राहिला. वरून माणसं उतरायला लागली. बाया, बापे, कडेवर लेकरं. अंगावर पाचटाची धूळ तशीच. ती माणसं अजून आपल्या घरी गेलीच नव्हती.

काकू उठून उभ्या राहिल्या. "कोण गं बाई?"

पुढं एक बाई होती. तिनं डोक्यावर पदर घेतला, ओट्याच्या पायरीशी बसली आणि कपाळ पायरीला टेकवलं. तिच्यामागं दुसरी बसली, मग तिसरी. पुरुष भिंतीशी टोप्या काढून उभे राहिले. कोणीतरी लहान लेकरानं विचारलं, "हेच का गुरुजींचं घर?" त्याला कुणी गप्प केलं नाही.

ट्रॅक्टरच्या मागं एक रिक्षा आणि दोन मोटारसायकली अडकल्या होत्या. कोणीही हॉर्न वाजवला नाही.

काकूंनी डोळे पुसले आणि माझ्याकडं वळल्या. "बाई, मोठं पातेलं काढा," त्या म्हणाल्या. "आणि दूध घेऊन या. हे पहिलेच हायेत. अजून लई गाड्या येणार."